नोकरी शाबूत आहे, कळावे

स्टुटगार्ट,
नोव्हेंबर, तिसरा आठवडा

ती. आई व ती. अप्पा यांस,
बंडूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं अप्पा म्हणतील. कारण आहे. आपल्या घरी फोन एका माणसाला कधी येतच नाही. आई, तू उचलतेस, लगेच स्पीकरवर टाकतेस, आणि मी बोलतो ते तू, अप्पा, गॅलरीतल्या काकू आणि वाटी परत द्यायला आलेलं कुणीतरी असे सगळे मिळून ऐकता. गेल्या खेपेला "सध्या घरीच असतो, पोरांकडं बघतो" एवढंच मी म्हणालो. तू "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मी ओळखतो. पुढचं ताईनं कळवलं. संध्याकाळच्या आरतीपर्यंत गावभागात बातमी पोचली होती की बंडूची जर्मनीतली नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मामांचा मेसेज आला, चाकणला त्यांच्या साडूची ओळख आहे, बायोडाटा पाठव. आत्यानं तर गणपतीला नवस बोलून ठेवलाय म्हणे.

तर पहिली गोष्ट, नोकरी शाबूत आहे. नवस मोदकांचा असेल तर फेडून टाका, मोदक कधी वाया जात नाहीत.

दुसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, म्हणजे काकूंना सांगताना तुझी अडचण होणार नाही. इथं मूल झालं की आईसारखी बापालाही रजा मिळते. एकेकाला तीन तीन वर्षांपर्यंत घेता येते. अप्पांनी चष्मा काढला असेल, पण कंपनी त्यातल्या एका दिवसाचाही पगार देत नाही. पैसे देतं ते सरकार. २००७ पासून इथं कायदा आहे की रजेवरच्या आईला किंवा बापाला, हातात पडणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के रक्कम सरकारनं द्यायची. कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो महिना. यात मेख अशी, की एकटी आईच घरी बसली तर हे पैसे १२ महिने मिळतात, आणि नवऱ्यानंही निदान दोन महिने घरी बसून पोर सांभाळलं तर १४. त्यानं ते दोन महिने घेतले नाहीत तर बुडाले. सरकारनं माणसाचा स्वभाव बरोबर ओळखलाय. पोराच्या मायेनं जो घरी बसणार नाही, तो बुडत्या पैशापायी हमखास बसतो. मग मी बसणार नाही तर कोण बसेल? अप्पा, तुमचाच मुलगा आहे मी. आणि या रजेत माणसाला कामावरून काढणं कंपनीला जवळजवळ अशक्य असतं. म्हणजे गावभागात ज्या आठवड्यांत माझी नोकरी गेली, त्याच आठवड्यांत ती सगळ्यांत पक्की आहे.

तुमची सूनबाई कामावर रुजू झाली. सकाळी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून ती दाराबाहेर पडते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तसा लग्नातही नव्हता. अल्बम काढून ताडून पाहिलं.

अप्पा, तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते बाराव्या दिवशी, मिरजेला, बारशात, तेही हाफ डे टाकून. हा टोमणा नाही. तुमच्या वेळी बापाला अशी रजाच नव्हती. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस दिले ते फार नंतर. सांगायचं इतकंच, की तुम्ही सुटलात.

मी घरी बसलो त्याचं खरं निमित्त धाकट्या गुंड्याची किटा. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकाच छपराखाली. जर्मनीत २०१३ पासून, वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा असेलच असं नाही. शिकवणारी माणसं कमी, पोरं जास्त. नाव नोंदवायचं ते मूल पोटात असताना. नोंदवलं की उत्तर येतं, आपण प्रतीक्षा यादीत आहात. अप्पा, घरच्या टेलिफोनसाठी नंबर लावून तुम्ही किती थांबला होतात ते आठवा, म्हणजे मला पुढचं लिहायला नको.

बरं, जागा मिळाली म्हणून पोराला दारात सोडून पळता येत नाही. आपल्याकडं पहिल्या दिवशी बाई रडतं पोर काखेत मारतात, दार लावतात, आई बाहेर पदर डोळ्याला लावून उभी राहते, आणि आठ-दहा दिवसांत दोघांनाही सवय होते. इथं सवय लावण्याचं शास्त्र आहे, त्याला बर्लिन पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाप वर्गातच बसतो. चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जातो. पोर कसं वागलं ते बाई बघतात, आणि त्यावरून पुढची पावलं ठरतात. हे काही आठवडे चालतं. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला जमायचं कसं? म्हणून रजा.

आणि बसायचं म्हणजे कसं? कोपरा ठरवून देतात. तिथं वीतभर उंचीची लाकडी खुर्ची. तिच्यावर बसलं की गुडघे कानाला लागतात. पोरांशी खेळायचं नाही, खेळणी पुढं करायची नाहीत, मोबाईल काढायचा नाही. आपलं पोर जवळ आलं तर घ्यायचं, गेलं तर जाऊ द्यायचं. काही न करता, चेहरा प्रसन्न ठेवून बसायचं. इतर पालकांना हे जड जातं म्हणे. माझी इतकी वर्षं ऑफिसच्या मीटिंगांमध्ये गेली असल्यामुळं मला काहीच जड गेलं नाही. बाईंनी कौतुक केलं.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, आता त्याला नीट सांगा आणि बाहेर जा. गुपचूप सटकायचं नाही, पोराचा विश्वास उडतो. (आई, बाजारात जाताना तू मला "तो बघ कावळा" म्हणून मागच्या दारानं जायचीस. हे मी बाईंना सांगितलं नाही.) मी गुंड्याचा पापा घेतला, टाटा केला. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, शेजारच्या पोरीच्या हातातली चुरमुऱ्याची चकती हिसकावली आणि पाठ फिरवली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तिथं आणखी एक बाप होता, दाढीवाला, सहा फुटी, कुठल्याशा मोठ्या कारखान्यातला साहेब. डोळे पुसत होता. आत त्याची मुलगी रडत होती. चकती गेली ती तीच. मी त्याला रुमाल दिला. बाकीचं सांगत बसलो नाही.

ही चकती काय प्रकार आहे ते तुला कळायला हवं. तांदूळ फुलवून, दाबून केलेली गोल थाळी. मीठ नाही, तेल नाही, फोडणी तर नाहीच. इथलं प्रत्येक पोर हिच्यावर वाढतं. बाबागाडीच्या फटीत, मोटारीच्या सीटखाली, आयांच्या पर्समध्ये, जिथं हात घालाल तिथं तिचा चुरा. मी सांगलीचा माणूस. चुरमुऱ्याचे असे हाल मला बघवत नाहीत. म्हणून तू पाठवलेलं भडंग एक दिवस खेळाच्या मैदानावर नेलं. त्या दाढीवाल्यानं मूठभर तोंडात टाकलं. आधी लाल झाला, मग पाणी प्यायला, मग पुन्हा हात पुढं केला. आता तो भेटला की पोरांची चौकशी नंतर करतो. पुडा मोठा पाठव.

थोरल्या चिऊच्या डब्याची कथा वेगळी. किटात डब्यात साखर चालत नाही. तूप-साखर लावून पोळीची सुरळी दिली, तर बाईंनी हसत हसत सांगितलं की गोड आपण घरी खाऊ या. हसत सांगणं ही इथली रागवायची रीत आहे. डब्यात चालतं काय, तर काळा पाव, काकडी, चीज. मग मी थालीपीठ दिलं. यात काय काय असतं, बाईंनी विचारलं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, असं मी सांगत गेलो आणि त्या लिहून घेत गेल्या. पुढच्या पालकसभेत सकस डब्याचा नमुना म्हणून आमचं थालीपीठ सगळ्यांना दाखवलं. गेली कित्येक वर्षं ज्या भाजणीला अप्पा "आज पण हेच?" म्हणत आले, तिची इथं ही शान. भाजणी संपत आलीय, हे ओघानं आलंच.

आत्यानं विचारलंय, चिऊ पाच वर्षांची झाली, वाचता येतं का, पाढे कुठपर्यंत. तिला सांग, वाचता येत नाही. सहाव्या वर्षी शाळा सुरू होईतो इथं रीतसर अक्षरओळख करून देत नाहीत. फ्रोबेलनं पहिलं किंडरगार्टन १८४० साली याच देशात काढलं, आणि इथली पोरं अजूनही खरोखरच झाडाझुडपांत आणि चिखलात असतात. आपल्याकडं त्याची केजी झाली, केजीची परीक्षा झाली आणि परीक्षेची शिकवणी झाली.

तिला काय येतं ते सांगतो. करवतीनं लाकूड कापता येतं. खरी करवत, खरं लाकूड; किटात सुतारकामाचं टेबल आहे. सुरीनं सफरचंद चिरता येतं. स्वतःचे कपडे, बूट आणि वरून रबरी विजार एकटीनं चढवता येते. ही विजार छातीपर्यंत येते. ती घातली की पाऊस असो, बर्फ असो, पोरं बाहेर सोडतात, आणि पोरं डबक्यात बसतात. उभी राहत नाहीत, आई, बसतात. न्यायला जावं तेव्हा सगळी एकाच रंगाची झालेली असतात आणि आपलं कुठलं ते आवाजावरून ओळखावं लागतं. परवा चिऊची विजार बाथरूममध्ये उलटी केली, तर वाटीभर चिखल, दोन चेस्टनट आणि एक गोगलगाय निघाली. जिवंत. तिची रवानगी बाल्कनीत झालीय, आणि सूनबाई म्हणते की या घरात भाडं न देता राहणारे आता चार झाले.

पाठांतर मात्र सोडलेलं नाही. संध्याकाळी शुभंकरोति होतं, अर्धी रामरक्षाही येते. पंचाईत अशी की नोव्हेंबरात इथं दिवेलागण साडेचारलाच होते. शुभंकरोति म्हणून झालं तरी झोपायला निदान चार तास असतात, आणि त्या चार तासांत दोन पोरांचं काय करायचं यावर कुठल्याही स्तोत्रात काही दिलेलं नाही. मग मी दोघांना घेऊन खाली मारीएनप्लात्झला जातो. तिथून डेगरलोखपर्यंत डोंगर चढणारी दातेरी चाकाची गाडी आहे, १८८४ पासून चालते. पुढं एक उघडा डबा, लोकांच्या सायकली ठेवायला. गुंड्या काचेला नाक लावून वर जाईपर्यंत एक अक्षर काढत नाही. वर पोचलं की उतरायचं नाही म्हणून भोकाड. मग खाली. हे शहर एका वाडग्यात वसलंय आणि चारी बाजूंच्या उतारांवर चारशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत, एके काळी द्राक्षमळ्यांत जायला बांधलेले. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. बाबागाडी असलेला माणूस फक्त पायऱ्या मोजतो.

आता तब्येती. पोर किटात जायला लागलं की पहिला हिवाळा सगळं घर शिंकत असतं, हे इथं कुणी आजार धरत नाही, ऋतू धरतात. गुंड्याला खोकला झाला म्हणून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी कान, घसा, छाती सगळं नीट तपासलं आणि म्हणाल्या, विषाणू आहे, आराम आणि भरपूर चहा. औषध? बडीशेपेचा चहा. आपल्याकडं तीन रंगांच्या गोळ्या आणि एक गुलाबी सिरप हातात पडल्याशिवाय पेशंट खुर्चीवरून उठत नाही. मीही उठेना. त्या मग म्हणाल्या, बरं, थोडा मधही द्या. जिंकल्यासारखं वाटून घरी आलो.

त्यात चिऊचा कान दुखला. शनिवारी रात्री, अर्थात. पोरांचे कान दुसऱ्या कुठल्या वारी दुखत नाहीत. रडणं ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या, हातात कांदा घेऊन. कांदा बारीक चिरला, पातळ फडक्यात बांधला, वाफेवर कोमट केला, कानावर धरला आणि वरून लोकरीची टोपी. घरभर कांदेभज्यांचा वास आणि त्यात चिऊ गाढ झोपली. सोमवारी कान दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, छान केलंत, आम्हीही सुचवतो. म्हणजे इंजिनिअरिंग करून, जर्मन शिकून, इतक्या लांब येऊन माणूस पुन्हा तुझ्या कांद्यापाशीच उतरला. तापावरही तेच. आपण कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो, हे लोक पोटऱ्यांना गुंडाळतात.

घरगुती उपायांचं यांना वावडं नाही, हे तुला गुंड्याच्या बाळंतपणातच कळलं असतं, पण तुझं आणि त्या सुईणबाईंचं बोलणं माझ्यातून जात होतं. विम्याच्या खर्चानं सुईण घरी येते याचं तुला केवढं कौतुक! ती सायकलवरून आली याचं त्याहून. आणि मग तिनं सांगितलं की बाळाला आठवड्यातून एक-दोनदा आंघोळ पुरे. तू तेलाची वाटी तशीच हातात धरून मला म्हणालीस, "विचार तिला, तिला मुलं आहेत का." दोन होती. "आणि जगली?" असं तू विचारलंस. मी भाषांतर केलं, "आई तुमच्या मुलांची खुशाली विचारतेय." तिनं तुझा हात हातात घेतला. पुढचं सगळं गोडीगुलाबीनं झालं, ते माझ्या भाषांतरामुळं.

आणि धुरी! तू धुपाटणं, वेखंड, ओवा सगळं बॅगेतून आणलेलं. कोळसे इथले, मांस भाजायचे. न्हाणं झालं, गुंड्या फडक्यात गुंडाळला, तू निखाऱ्यावर ओवा टाकलास, आणि छतावरचा भोंगा बोंबलायला लागला. या राज्यात २०१४ अखेरपर्यंत घरोघरी झोपायच्या खोल्यांत धुराचे भोंगे लावणं सक्तीचं झालं. कायदा करणाऱ्यांपुढं धुरी घेणारं बाळ काही नव्हतं. मी स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतोय, सूनबाई खिडक्या उघडतेय, गुंड्याचा सूर भोंग्याच्या वर, आणि तू मधोमध शांत: "झालंच, आता पालथा धर त्याला." तेवढ्यात दारात खालच्या आजीबाई, पाण्याची बादली घेऊन. त्यांनी सगळा देखावा पाहिला, दोनदा हुंगलं आणि बादली खाली ठेवली. त्यांच्या लहानपणी खेड्यावरच्या घरात नाताळ ते ६ जानेवारी या दिवसांत खोल्याखोल्यांतून असाच धूप फिरवायचे म्हणे. तेव्हापासून त्या मला रस्त्यात थांबवून आधी तुझी तब्येत विचारतात, मग पोरांची. माझी अजून विचारलेली नाही.

या आजीबाई म्हणजे आमच्या इमारतीचं सरकार. इथं जिना झाडायची पाळी असते. पाळी आली की दाराला पाटी लागते. आठवडा संपायच्या आत जिना झाडून, पुसून घ्यायचा आणि पाटी पुढच्या दाराला अडकवायची. बाहेरचा फुटपाथ, कचऱ्याच्या कुंड्यांची जागा, थंडीत बर्फ, ही मोठी पाळी, ती वेगळी. ही चाल फार जुनी. कोलंबस निघाला त्या साली, म्हणजे १४९२ मध्ये, स्टुटगार्टच्या नगर-कायद्यात आपापली घाण दर आठवड्याला बाहेर नेण्याचा नियम होता. १९८८ साली नगरपालिकेनं सक्ती उठवली, पण भाड्याच्या करारांतून पाळी तशीच राहिली. आजीबाई तर सक्ती उठलीय हे मानतच नाहीत. चिऊ त्यांच्या हाताखाली तयार होतेय. त्या बोटानं कोपरा दाखवतात, ती वाकून झाडते, दोघी मागं सरून बघतात, मान हलवतात, पुन्हा झाडतात. हीच पोरगी घरात स्वतःचा मोजा उचलत नाही. परवा तिनं मला विचारलं, सांगलीला आजीच्या दाराला पाटी कधी लागते? मी सांगितलं, आजीची पाळी रोजच असते. तिला तो घोर अन्याय वाटला आणि अप्पांच्या नावानं एक चित्रातली पाटी काढून ठेवलीय. सोबत पाठवतोय. अप्पा, दाराला लावायचीय.

जिना चकचकीत झाला की आजीबाई बक्षीस म्हणून माउलटाशे आणतात, आमच्यासाठी पालकाचे. मोठ्या करंज्यांच्या जातीचा, उकडलेला प्रकार. मूळ आत मांस असतं. आख्यायिका अशी की ईस्टरआधीच्या उपासात मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस कणकेत लपवलं. एकादशी आणि दुप्पट खाशी, सगळीकडं सारखीच.

रविवारी मात्र कडक शांतता. दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण त्या वाजतात. आमचा मिक्सर तू दिलेला, तो सुरू केला की तीन मजले जागे होतात; म्हणून रविवारची चटणी शनिवारीच वाटून ठेवतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. या बहिणींनी एकमेकींकडं रविवार काढलेला दिसत नाही. पोरांना बंद करायचं बटण कुठलं? त्यावर इथं २०११ साली कायदा झाला, की किटा आणि मैदानांतला मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव धरायचा नाही. पोरांनी ओरडावं म्हणून संसदेला बसावं लागलं, यावरून शेजारपाजाऱ्यांची कल्पना येईल. घरातल्या ओरडण्याचं मी आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, तुमचं घर डावीकडं आहे.

अप्पा, तुम्ही व्हिडिओवर शिकवलेल्या आकाशकंदिलाचं पुढं काय झालं तेही ऐका. ११ नोव्हेंबरला इथं संत मार्टिनच्या नावानं पोरं अंधारात कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवतात. त्यानं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीनं अर्धा कापून दिला, अशी कथा. बाकीच्यांच्या हातात कागदाचे चंद्र, साळिंदर, कोल्हे. चिऊच्या काठीला तुमचा षट्कोनी, खळीनं चिकटवलेला, तिच्या कमरेएवढा, खाली हातभर झिरमिळ्या. बाईंनी विचारलं, हा कुठला प्राणी? पुढं खऱ्या घोड्यावर मार्टिन झालेली एक ताई बसली होती. भाषणाच्या वेळी घोडा शेजारी उभा राहिला आणि चिऊ वर बघत असताना त्यानं सगळ्या झिरमिळ्या खाल्ल्या. शांतपणे, एकेक करून. चिऊ रडेल म्हणून मी पुढं झालो, तर तिला घोड्याचीच काळजी: त्याला खळ बाधेल का? घोडेवाल्या बाईंना खळीत काय असतं ते सांगितलं. मैदा म्हटल्यावर त्या निश्चिंत झाल्या.

घरी आल्यावर चिऊनं कात्री घेतली आणि गुंड्याचं पांघरूण दानधर्म म्हणून मधोमध कापलं. किटात कात्री फार छान शिकवतात. तू शिवलेली गोधडी कपाटात वर होती, ती वाचली. दुकानातलं गेलं.

व्हिसाचं आता मनावर घ्या. यंदाही ९० दिवसांचाच मिळेल. निमंत्रणाचा कागद इथल्या कार्यालयातून मी काढून पाठवतो, प्रवासाचा विमा ताई काढेल. आणायचं ते असं: भाजणी, भडंग, मेतकूट, अप्पांचे गुडघ्याचे पट्टे. पेढे, खवा, तूप आणू नका. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात मनाई आहे आणि विमानतळावर ते अप्पांना तिथंच उभं राहून संपवावे लागतील. धुपाटणं आण. बाल्कनीत करू, आजीबाईंना विचारून ठेवलंय. त्यांनाही गुडघ्याला शेक हवाय.

गुंड्या उद्यापासून किटात दुपारची झोप घेणार. बाई म्हणाल्या, घरचं एखादं ओळखीच्या वासाचं कापड द्या. सूनबाईनं तुझं जुनं मऊ पातळ काढून दिलं. त्याला अजून हिंगाचा वास येतो, त्यामुळं शेजारच्या गादीवर ती चकतीवाली पोरगी झोपेल का, हे बघायचं.

मामांना माझा नमस्कार आणि चाकणच्या साहेबांना सध्या थांबायला सांगा.

आपला आज्ञाधारक,
बंडू

ता. क. चिऊ विचारते, सांगलीत रविवारी मिक्सर लावता येतो का. येतो म्हणून सांगितलं. आणि ढोल? तोही. तेव्हापासून तिनं स्वतःची बॅग भरून दारात ठेवलीय, आणि गोगलगाईला विमानाचं तिकीट लागतं का ते विचारतेय.